दावण बदलली की बैल बदलतो का?

थापलिंगच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटाच्या कडेला उभं राहिलं की डोळ्यांचं पातं लवू द्यायची सोय नसते. पुढे घोडी सुटते, मागून चार बैल उधळतात, 'भिर्रर्र'ची आरोळी उठते आणि धुरळा खाली बसायच्या आत बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, संपलेली असते. निकाल घड्याळावर, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत. सात वर्षांच्या बंदीनंतर डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना परवानगी दिली आणि घाट पुन्हा भरू लागले. ज्या गाड्याची वेळ सर्वांत कमी, त्यातल्या बैलाला गिऱ्हाईक लागतं आणि बोली लाखांत जाते. पुढे तोच बैल नव्या गोठ्यातून आला नि मंदावला, की लोक म्हणतात, "बैल सोन्यासारखा होता, नव्या मालकाला राखता आला नाही."

पुण्याच्या रेसकोर्सवर याच्या उलट बोललं जातं. घोडा सलग मागे पडू लागला की मालक ट्रेनर बदलतो. नव्या ट्रेनरकडे घोडा जरा वर येतो आणि पैसे लावणारे पुढच्या वेळी ट्रेनरचं नाव पाहून पैसे लावतात.

एकीकडे दोष, दुसरीकडे श्रेय. माझ्या मते दोन्हींतला मोठा वाटा निव्वळ गणिताचा आहे. फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये 928 प्रौढ मुलांची उंची त्यांच्या आईवडिलांच्या उंचीशी ताडून पाहिली. फार उंच आईबापांची मुलं उंच होती, पण तेवढी नाही. बुटक्यांची मुलंही तेवढी बुटकी नव्हती. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. बारीची वेळ म्हणजे बैलाची ताकद आणि त्या दिवसाचा योग: जोडीला कोण होतं, घोडी कशी पळाली, बैल सुटले कसे. बैल आपण त्याच्या सर्वांत चांगल्या दिवशी विकत घेतो, म्हणून पुढची वेळ बहुधा घसरते. ट्रेनर आपण घोड्याच्या सर्वांत वाईट दिवसांत बदलतो, म्हणून पुढची शर्यत बहुधा सुधारते. त्यात हरत गेलेल्या घोड्याचं रेटिंग उतरतं आणि हँडिकॅप शर्यतीत पाठीवरचं वजनही कमी होतं.

म्हणजे सांभाळणाऱ्याचा हात काहीच करत नाही? करतो, आणि खूप करतो. एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 मध्ये हजारो घोड्यांचा हिशेब मांडला. घोड्यांच्या आयुष्यभराच्या कमाईतल्या फरकात रक्ताचा वाटा सुमारे 10 टक्केच निघाला; सांभाळणाऱ्याचा हात उरलेल्यात येतो. गुरं तर माणूस ओळखतात. 1999 च्या एका प्रयोगात, पूर्वी मारझोड केलेला माणूस दूध काढताना नुसता जवळ उभा राहिला, तरी गाईंच्या कासेत मागे राहणारं दूध 70 टक्क्यांनी वाढलं.

गोठा बदलला की खरी परीक्षा पोटात होते. बैलाच्या पोटातले सूक्ष्मजीव नेहमीच्या चाऱ्याला सरावलेले असतात. नव्या खुराकाशी जुळवून घ्यायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. नवा मालक हौसेने पहिल्याच दिवशी घमेलंभर भरडा पुढे ठेवतो. धान्य झपाट्याने आंबतं, पोटात आम्ल वाढतं, बैल वैरणीला तोंड लावत नाही. रात्री गोठ्यात जाऊन बघा: बैल निवांत बसून रवंथ करतोय, की दाव्याला ताण देऊन उभा आहे? घाबरलेलं जनावर रवंथ कमी करतं. असा बैल घाटात जुंपायचा कशाला?

तेव्हा बैल घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो. एका बारीचा व्हिडिओ पाहून इसार देऊ नका. त्याच घाटातल्या, जमल्यास वेगवेगळ्या जोडीदारांबरोबरच्या आठ-दहा बाऱ्यांच्या वेळा मागा, कारण एका घाटाची वेळ दुसऱ्या घाटाला लागू पडत नाही आणि घड्याळातला आकडा चार बैलांचा असतो, एकट्याचा नसतो. जुन्या मालकाकडून खुराकाचं प्रमाण लिहून घ्या, पंधरवडाभराची त्याचीच वैरण बरोबर आणा आणि पहिले तीन आठवडे बैलाला घाट दाखवू नका.