गिधाडं गेली, आपलं काय गेलं?

गिधाड म्हटलं की आपण नाक मुरडतो. भांडणात एखाद्याला शेलकी शिवी द्यायची तरी गिधाडच आठवतं! पण मैत्रिणींनो, हा कुरूप पक्षी दिसेनासा झाला, त्याची किंमत माणसांनीच मोजली, हे ठाऊक आहे का?

पूर्वी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडं उतरत आणि पाहता पाहता नुसता सांगाडा उरे. १९९० नंतर मात्र हे थवे विरळ झाले. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर १९९२ ते २००७ या काळात हजारात जेमतेम एक उरली! २००४ साली शास्त्रज्ञांना कारण सापडलं: डायक्लोफिनॅक. हो, कंबर धरली की आपल्याला डॉक्टर देतात तेच औषध! आजारी गुरांना ते टोचत. असं गुरू दगावलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. बरं, गिधाडाची जोडी वर्षाला घालते अंडं एकच. तूट भरून निघावी कशी?

मग मेलेली ढोरं कुजत पडली, पाणी नासलं, भटक्या कुत्र्यांचं फावलं. कुत्री वाढली तशी पिसाळलेल्या कुत्र्याची भीतीही वाढली. २००० ते २००५ या काळात यापायी देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे.

सरकारनं २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच होत्या. म्हणून २०१५ पासून इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरचीच ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, ‘आम्ही घरात बसून काय करणार?’ पुष्कळ! माहेरी-सासरी गाईगुरं असतील तर बजावून सांगा: माणसांचं दुखण्यावरचं औषध गुरांना द्यायचं नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना बाधत नाही. खरकटं रस्त्यावर फेकू नका. मुलाला कुत्रा चावलाच, तर हळद-तिखट भरत बसू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा.

आणि हो, यापुढे कुणाला ‘गिधाड’ म्हणण्यापूर्वी जरा विचार करा. ती शिवी नाही, शाबासकी होईल!