हुकलेल्या मोटारीची हुरहुर

मनुष्याच्या ज्या इच्छा अगदींच अशक्य असतात त्या लवकर विझतात. राजवाडा आपला नाहीं, याचें दुःख सामान्य गृहस्थास फार दिवस छळीत नाहीं. जी वस्तु हातापासून चार बोटें दूर राहिली तिची हुरहुर मात्र केस पांढरे झाले तरी जात नाहीं. मोटारींच्या बाबतींत याचें उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडांतील जॅग्वार कारखान्याची ई टाइप. तरुणपणीं ती पाहिलेले आणि कधींच घेऊं न शकलेले लोक संख्येनें थोडे नाहींत.

१९६१ च्या मार्च महिन्यांत जिनीव्हा येथें ही गाडी प्रथम लोकांपुढें आली. तिच्यांत बसून फेरी मारण्यासाठीं इतकी झुंबड उडाली कीं, कारखान्याचे प्रमुख सर विल्यम लायन्स यांनीं दुसरी गाडी तांतडीनें मागविली, आणि नॉर्मन ड्यूइस या चालकानें ती कोव्हेंट्रीहून रातोरात हांकीत तेथें पोंचविली. लांबच लांब नाक, आंखूड पाठ आणि कोठेंही कोन नसलेला देह, असें तिचें रूप. तें कोणा चित्रकाराच्या लहरींतून निघालेलें नव्हतें. तें रेखणारे माल्कम सेयर हे मूळचे विमानविद्येंतले. वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून त्यांनीं वक्ररेषा गणितानें काढल्या होत्या.

पण खरा घात केला तो किंमतीनें. कर धरून ही गाडी सुमारें २,१०० पौंडांस मिळे. ॲस्टन मार्टिनची डीबी ४ ही त्या वेळची नामांकित वेगवान मोटार जवळजवळ दुप्पट महाग होती. तेव्हां ई टाइप ही केवळ धनिकांची चैन म्हणून मनांतून काढून टाकतां येत नव्हती. सामान्य कुटुंबासाठीं निघालेली मिनी १९५९ सालीं सुमारें ५०० पौंडांस होती; म्हणजे चार मिनींचे पैसे एका ई टाइपला. एखाद्या तरुण कारकुनानें हिशेब मांडावा आणि कांहीं वर्षांची काटकसर पुरेल असें त्यास वाटावें, इतकेंच तें अंतर होतें. हिशेब पुरा होण्याआधीं लग्न होई, मग मूल; आणि दोघांच्याच गाडींत पाळणा कोठें ठेवावयाचा हा प्रश्न उभा राही. कारखान्यालाही ही अडचण उमगली असावी. १९६६ सालीं त्यानें मागें दोन लहान आसनें असलेली लांब ई टाइप काढली. परंतु छप्पर उंच झाल्यामुळें मूळची रेषा बिघडली, आणि जिची ओढ होती ती ही नव्हेच, असें पुष्कळांना वाटलें.

जिचा एवढा ध्यास घेतला ती मोटार तरी सांगितली तशी होती काय? ताशीं १५० मैलांचा जो वेग नियतकालिकांतून गाजला, तो परीक्षणासाठीं खास सिद्ध केलेल्या गाड्यांचा होता. गिऱ्हाइकाच्या हातीं येणारी मोटार त्याहून कांहींशी मंद धांवे. शिवाय १९६५ च्या डिसेंबरांत इंग्लंडच्या रस्त्यांवर ७० मैलांची मर्यादा आली. पहिल्या गाड्यांत उंच माणसाचे पाय अवघडत, पहिला गिअर कुरकुर करी आणि पत्र्यास गंज चढे. हे दोष धन्यास नित्य दिसत; ज्यास ती मिळालीच नाहीं त्याच्या मनांतली गाडी कधीं गंजली नाहीं.

संधि अगदींच आली नाहीं असें नाहीं. १९७३ सालीं तेल महागलें, भरपूर पेट्रोल पिणाऱ्या जुन्या मोटारींचे भाव कोसळले, आणि वापरलेल्या ई टाइप थोडक्या पैशांत मिळूं लागल्या. पण तेव्हां घराचे हप्ते चालू होते, आणि गंजका पत्रा दारांत आणून ठेवण्याचें शहाण्या गृहस्थास धाडस होईना. १९७४ सालीं उत्पादन थांबलें. एकूण सुमारें ७२,००० गाड्या निघाल्या. पुढें १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस किंमती भडकल्या, आणि १९९६ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानेंच एक ई टाइप आपल्या संग्रहांत घेतली.

ज्या थोड्यांनीं निवृत्तीच्या पैशांतून अखेर ती घेतली त्यांना एक निराळीच अडचण भेटते. दार अरुंद, उंबरा रुंद आणि आसन जवळजवळ जमिनीलगत. विशीच्या गुडघ्यांसाठीं आंखलेल्या त्या गाडींत साठीनंतर शिरावयाचें तर आधीं एक पाय आंत घालावा लागतो, मग छपरास धरून अंग खालीं सोडावें लागतें, आणि राहिलेला पाय हातानें उचलून आंत ओढावा लागतो.