हिशेब लागत नाही म्हणून युद्ध?

परवा शुक्रवारी, ७ मार्च २००३ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रनिरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी सुरक्षा परिषदेत आपला अहवाल वाचला आणि त्याच बैठकीत ब्रिटनने इराकला निःशस्त्रीकरणासाठी १७ मार्चची मुदत घालणारी ठरावाची दुरुस्ती पुढे केली. गाजावाजा झाला तो मुदतीचा. खरे तर मथळा अहवालाला मिळायला हवा होता. गेल्या तीन महिन्यांत इराकमध्ये प्रत्यक्ष काय सापडले आणि काय सापडले नाही, हे जागेवर जाऊन पाहिलेल्या माणसांनी सांगितले आहे ते एवढेच. बाकीची सगळी भाषणे आहेत.

आपण सगळे सेंच्युरियनच्या भारत-पाकिस्तान सामन्याला खिळून बसलो होतो, सचिनच्या त्या ९८ धावा मोजत होतो, त्याच शनिवारी इराकमध्ये अल समूद-२ क्षेपणास्त्रांवर बुलडोझर फिरायला लागले. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने इराकला १५० किलोमीटरपर्यंतच्या पल्ल्याची परवानगी आहे, आणि चाळीसपैकी तेरा चाचण्यांत हे क्षेपणास्त्र त्यापलीकडे गेले होते. ब्लिक्स यांनी लेखी आदेश दिला, १ मार्चपासून नष्ट करा. बगदादने आढेवेढे घेतले आणि शेवटी मुकाट्याने सुरुवात केली. शुक्रवारपर्यंत ३४ क्षेपणास्त्रे चिरडून झाली होती. वॉशिंग्टनहून याला धूळफेक म्हटले गेले. ब्लिक्स यांचे उत्तर असे होते की, आपण दात कोरायच्या काड्या मोडताना पाहत नाही, प्राणघातक शस्त्रे नष्ट होत आहेत. नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर एवढे निःशस्त्रीकरण प्रथमच होत आहे, हेही त्यांनी सांगितले.

हे गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. स्वीडनचे, पेशाने कायदेपंडित, काही काळ तिथले परराष्ट्रमंत्री. १९८१ ते १९९७ अशी सोळा वर्षे ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख होते. त्यांच्याच कारकिर्दीत संस्थेचे निरीक्षक इराकच्या तुवैथा केंद्रात नियमाने जात, जाहीर केलेले साहित्य तपासून परतत, आणि त्याच काळात सद्दामचा गुप्त अणुकार्यक्रम चालू होता. १९९१च्या युद्धानंतर ते उघड झाले आणि ब्लिक्स यांच्यावर टीकेची झोड उठली. एकदा असे पोळलेला माणूस सद्दामच्या शब्दावर विश्वास ठेवेल, ही कल्पनाच मला पटत नाही. २७ जानेवारीचा त्यांचा अहवाल इतका कडक होता की, युद्धाच्या बाजूचे लोक तो हातात घेऊन नाचले. इराकने निःशस्त्रीकरण मनापासून स्वीकारलेलेच दिसत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. आता तोच माणूस सहकार्य वाढले असे म्हणतो, तर ते ऐकून घ्यायला नको का?

सगळा वाद एका गोष्टीपाशी येऊन थांबतो. अमुक इतक्या रासायनिक अस्त्रांचा ‘हिशेब लागत नाही’, असे निरीक्षक म्हणतात. व्हाइट हाउसपासून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत त्याचा अर्थ ‘ती अस्त्रे लपवलेली आहेत’ असा घेतला जातो. गोदामाच्या नोंदवहीत शंभर पोती जास्त आणि प्रत्यक्षात शंभर कमी असली, तर चोरी झाली असेल, धान्य सडले असेल किंवा वहीच खोटी असेल. पोती अमुक घराच्या माळ्यावर आहेत, हे वहीवरून ठरत नाही.

हे आकडे आले कुठून? इराणशी झालेल्या युद्धात, १९८३ ते १९८८ या काळात, इराकी हवाई दलाने १३,००० रासायनिक बाँब टाकले, असे इराकच्याच एका दस्तऐवजात आहे. इराकने आधी जाहीर केलेला आकडा होता १९,५००. फरक ६,५०० बाँबचा, म्हणजे सुमारे एक हजार टन रसायनाचा. हेच ते गाजलेले हजार टन. ती रसायने अस्तित्वात आहेत असा निष्कर्ष घाईने काढू नका, तशी शक्यताही नाकारता येत नाही, असे ब्लिक्स १४ फेब्रुवारीला म्हणाले. निरीक्षकाला यापुढे प्रामाणिकपणे जाता येत नाही.

आपण १९९१ सालीच बरेच काही स्वतःहून नष्ट केले, पण त्याचे कागद ठेवले नाहीत, असे इराक म्हणतो. खोटे बोलण्याचा त्यांचा इतिहास पाहता हे कोण मानणार? म्हणून निरीक्षकांनी खोदायला लावले. पूर्वी धोकादायक म्हणून सोडून दिलेली एक जागा पुन्हा उकरली जात आहे. शुक्रवारपर्यंत तिथून आठ अखंड बाँब निघाले, त्यांतले दोन द्रवाने भरलेले, आर-४०० जातीचे. जुनी माती, गंजलेले पत्रे, नमुन्यांच्या कुप्या, असे हे काम. त्यातून ठळक बातमी होत नाही. पण इराकच्या बाबतीत आजवर खरे यश मिळाले ते याच मार्गाने. १९९१ ते १९९८ या काळात निरीक्षकांनी इराकची जेवढी घातक अस्त्रे नष्ट केली, तेवढी युद्धातल्या बाँबफेकीने झाली नव्हती. आणि हे सगळे इराकच्या लपवाछपवीला तोंड देत झाले. जून १९९१ मध्ये फलुजाजवळ निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत सामानाचे ट्रक पळवले गेले आणि त्यांना रोखायला हवेत गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच सप्टेंबरात बगदादच्या एका वाहनतळावर कागदपत्रांसह निरीक्षकांना चार दिवस अडकवून ठेवले गेले. यंदा दारे बहुतेक ठिकाणी लगेच उघडली जात आहेत, तीही आगाऊ सूचनेविना. हा बदल दारात उभ्या असलेल्या सैन्यामुळे झाला, हे मान्य करायला हवे. दबाव कामी आला आहे. म्हणूनच तो आता उधळून टाकू नये.

अणुकार्यक्रमाबद्दल तर ब्लिक्स यांच्यानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख झालेले मोहम्मद अल बारादेई यांनी शंकेला जागाच ठेवलेली नाही. १४१ ठिकाणी २१८ तपासण्या झाल्या. किरणोत्सर्ग मोजणारी वाहने तीन आठवड्यांत सुमारे दोन हजार किलोमीटर फिरली. लष्करी तळ, कारखाने, ट्रक उभे राहतात त्या जागा, वस्त्या, सगळीकडे. अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा नाही आणि पटण्याजोगे लक्षणही नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरून सहा महिने रान उठले, त्या ८१ मिलिमीटरच्या नळ्या रॉकेट बनवण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी आणल्याचे दिसत नाही. आणि नायजरकडून युरेनियम विकत घेण्याचा प्रयत्न झाला म्हणून जी कागदपत्रे दाखवली जात होती, ती खरी नाहीत. संस्थेने नायजर सरकारचा खरा पत्रव्यवहार मिळवला, मसुद्याची धाटणी, मजकूर आणि सह्या ताडून पाहिल्या, बाहेरच्या तज्ज्ञांनाही दाखवल्या. २८ जानेवारीला अमेरिकेच्या अध्यक्षांनी संसदेपुढे आफ्रिकेतल्या युरेनियमचा उल्लेख केला होता. एका महासत्तेच्या युद्धाच्या कारणांतले एक कारण बनावट कागदांवर उभे होते, हे एका इजिप्शियन कायदेपंडिताने भर परिषदेत शांतपणे सांगितले. अशा संस्थेची गरज का असते, हे मला इतक्या स्वच्छपणे कधी दिसले नव्हते.

मग घाई कशाची? उरलेल्या कामाला वर्षे लागणार नाहीत, आठवडेही पुरणार नाहीत, महिने लागतील, असे ब्लिक्स म्हणतात. निःशस्त्रीकरणाची कोणती कळीची कामे उरली आहेत, त्यांचा कार्यक्रम ते याच महिन्यात परिषदेला देणार आहेत. मुदत त्याच्याही आधी, १७ तारखेला संपते! तपासाच्या वेळापत्रकातून ही तारीख निघूच शकत नाही. ती सैन्याच्या वेळापत्रकातून निघाली आहे. दोन लाखांहून अधिक सैनिक आखातात येऊन बसले आहेत, वाळवंटातला उन्हाळा जवळ येतो आहे, आणि रासायनिक हल्ल्यापासून बचाव करणारे जाड पोशाख घालून मे महिन्यात लढता येत नाही.

परिषदेत नऊ मते हवीत आणि नकाराधिकार वापरला जाता कामा नये. ओढाताण चालू आहे ती अंगोला, कॅमेरून, गिनी, चिली, मेक्सिको आणि पाकिस्तान या सहा देशांची. त्यांच्या प्रतिनिधींच्या फोनवर पाळत ठेवण्याचा अमेरिकी बेत लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने गेल्याच रविवारी छापला. हे देश येमेन विसरलेले नसतील. १९९० साली युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाविरुद्ध येमेनने मत दिले आणि त्याची अमेरिकी मदत बंद झाली. तरीही अजून सहांपैकी बहुतेकांनी मान डोलावलेली नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

सद्दामबद्दल कोणाला भ्रम असू नये. येत्या रविवारी हलब्जाच्या हत्याकांडाला पंधरा वर्षे होतील. हजारो कुर्दांना त्याने विषारी वायूने मारले, आणि तेव्हा आज युद्धाची भाषा करणाऱ्या राजधान्यांनी त्याच्याशी व्यवहार चालूच ठेवला होता. अशा माणसाच्या हाती ही अस्त्रे राहू नयेत, यासाठी त्याच्या देशात निरीक्षक असणे हाच आजवर सिद्ध झालेला उपाय आहे.

दिल्लीने संयुक्त राष्ट्रांच्या मार्गाचा पुरस्कार केला आहे, पण तो फार दबक्या आवाजात. १९९० साली कुवेतमधून अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून अधिक माणसे मुंबईला आणावी लागली. त्यांत कोकणातली कितीतरी कुटुंबे होती, आणि आजही रत्नागिरीच्या अनेक घरांची चूल कुवेतच्या पगारावर पेटते. या घरांच्या वतीने तरी पंतप्रधान वाजपेयींनी निरीक्षकांना ते मागत आहेत तेवढे महिने द्या, असे उघडपणे म्हणावे.

पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या मतदानावर सगळ्यांचे कॅमेरे असतील. मी बगदादच्या कॅनॉल हॉटेलकडे पाहणार आहे, निरीक्षकांचे मुख्य कार्यालय तिथे आहे. १६ डिसेंबर १९९८ रोजी तेव्हाचे प्रमुख रिचर्ड बटलर यांनी आपली माणसे तिथून काढून घेतली आणि त्याच रात्री बाँबफेक सुरू झाली. ती चार दिवस चालली. निरीक्षकांना परत पाऊल ठेवायला चार वर्षे लागली, आणि त्या चार वर्षांत इराकमध्ये काय घडले, हेच आज कोणाला खात्रीने सांगता येत नाही.