अर्ध्या कोयत्याला उचल नाही

आखाड-श्रावणात बीड जिल्ह्यातल्या आमच्या धारूर तालुक्यात रोख पैसा एकाच माणसाकडे असतो, तो म्हणजे ऊसतोडीचा मुकादम. पेरणीची उधारी, पोरांची फी, दवाखाना हे सगळे खर्च याच दिवसांत अंगावर येतात आणि बालाघाटाच्या मुरमाड रानातलं सोयाबीन, कापूस हाती यायला अजून अवकाश असतो. अशा वेळी मुकादम ओट्यावर बसून उचल, म्हणजे तोडणीची आगाऊ मजुरी, मोजून देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर रक्कम ठरते. दसरा-दिवाळीला टोळी गाडीत बसते आणि सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या उसाच्या फडावर उतरते. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत घर म्हणजे पाचटाची कोपी.

माझे आई-वडील असाच एक कोयता आहेत. मी बी.ए. झालो आणि बीडच्या एका अभ्यासिकेत बसतो. पहाटे मैदानावर पळायचं, मग दिवसभर पुस्तक, सगळं सरकारी भरतीसाठी. 2023च्या तलाठी भरतीत राज्यभरात 4,644 जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. फी खुल्या गटाला 1,000 रुपये, राखीवला 900. तोडणीचा दर तेव्हा टनाला पावणेतीनशेच्या आसपास होता. म्हणजे तीन टनांहून जास्त ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायचा, तेव्हा घरातल्या एका पोराचा एक अर्ज भरला जातो. पुढे जानेवारी 2024मध्ये मजुरीत 34 टक्के वाढ ठरली. त्याच वर्षीच्या पोलीस भरतीत साधारण 17 हजार जागांसाठी 17 लाखांवर अर्ज आले.

जिल्ह्यात दुसरं काम का नाही, असं पुण्याचे मित्र विचारतात. सिंचन तोकडं, मोठे कारखाने मोजकेच. 1995 साली मंजूर झालेल्या मार्गावरून बीड शहरात रेल्वे यायला 17 सप्टेंबर 2025 उजाडला. पुण्याजवळच्या चाकणला कंत्राटावर काम मिळतं, पण खोलीभाडं आणि खाणावळ वजा जाता गावी पाठवायला फारसं उरत नाही.

गेल्या पावसाळ्यात मीही मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "एकटा येऊन काय करतो? लगीन कर, जोडीनं ये. अर्ध्या कोयत्याला उचल देत नसतो मी." त्याचा हिशोब सरळ आहे: एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची. पण या हिशोबापायी आमच्याकडे किती पोरींची शाळा सुटते! 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बेरोजगारी मोजणारे या मुलींना कोणत्या रकान्यात धरतात?

उचल हे कर्ज आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी ती घ्यावी लागते, कारण त्या दोन महिन्यांत गावात दुसरी मजुरी नसते. हंगामात ती फिटली नाही, की बाकी पुढच्या वर्षावर चढते आणि त्याच मुकादमाकडे जावं लागतं. मजुरीवर घासाघीस करायची ताकद आधीच संपलेली असते. म्हणून मला वाटतं, आमच्या भागात रोजगाराचा खरा प्रश्न आखाडातल्या मजुरीचा आहे.

त्यावरचा उपाय याच राज्याने काढला होता. 1972च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी गावोगाव पोचली, 1977 साली राज्याने तिचा कायदा केला, आणि 2005मध्ये देशाने तशीच हमी दिली. पावसाळ्यातही फळबाग, रोपवाटिका, वृक्षलागवड ही कामं निघू शकतात. मात्र त्यासाठी मागणी करावी लागते, आणि ती लेखी असलेली बरी. तोंडी मागितलेलं काम अनेकदा कागदावर येत नाही.

अभ्यासिकेतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, भरतीचे अर्ज आपल्याला पाठ झालेत. यंदा 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी आपापल्या वस्तीवर जा, उचल घेणाऱ्या प्रत्येक घराचा कामाच्या मागणीचा अर्ज भरा आणि ग्रामपंचायतीकडून तारखेची पोच घ्या. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता मागता येतो, आणि तो मागताना हीच पोच पुरावा म्हणून कामी येते.