वीज गेली की आधी काय बंद पडते?

१५ फेब्रुवारी २०२१. हिवाळी वादळाच्या थंडीत पहाटेचे दोन वाजत आले होते आणि टेक्सासची जवळपास सगळी वीजयंत्रणा कोसळायला साडेचार मिनिटे उरली होती. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ असते. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की जनित्रांवर ताण येतो, त्यांची गती मंदावते आणि हा आकडा घसरतो. टेक्सासमध्ये तो ५९.४ च्या खाली नऊ मिनिटे राहिला असता, तर वीजकेंद्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद पडू लागली असती. त्या पहाटे तो ४ मिनिटे २३ सेकंद खाली राहिला. नियंत्रकांनी शहरेच्या शहरे अंधारात ढकलून यंत्रणा वाचवली. सुमारे ४५ लाख घरांची वीज गेली आणि सरकारी मोजणीनुसार त्या वादळात २४६ माणसे दगावली. पुढच्याच दिवशी डॅलसमध्ये पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता.

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन इथे आता मराठी घरे पुष्कळ आहेत. उन्हाळ्यासाठी बांधलेल्या या घरांना हिवाळी वादळ का झेपत नाही आणि आधी काय करून ठेवावे, ते क्रमाने पाहू.

वीज जाते कशी

एक प्रकार वर सांगितलेला. थंडीने वायूच्या विहिरी आणि वीजकेंद्रांची उपकरणे गोठतात, त्याच वेळी घराघरांतले हीटर चालू होतात आणि वीज पुरत नाही. मग भारनियमन होते. आळीपाळीने कपात करायची, हा त्याचा नियम. पण २०२१ मध्ये तूट इतकी मोठी होती की पाळी बदलायला वीजच नव्हती. रुग्णालयांच्या वाहिन्या चालू ठेवाव्या लागल्या आणि बाकीच्यांची थोड्या वेळाची कपात दोन-तीन दिवसांवर गेली.

दुसरा प्रकार बर्फाच्या पावसाचा. वरच्या उबदार थरातून पडणारे थेंब जमिनीलगतच्या गोठणाऱ्या हवेत शिरतात, फांदीला किंवा तारेला टेकताच त्यांचा बर्फ होतो आणि थरावर थर चढत जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्टिनमध्ये झाडे अशीच मोडून तारांवर पडली आणि लाखाहून अधिक ग्राहक अंधारात गेले. इथे वीज तयार असते, पण दुरुस्ती गल्लीगल्लीतून पुढे सरकते.

दोन्ही वेळी गावातल्या काही घरांत वीज टिकून असते. म्हणून रस्ते निसरडे होण्याआधीच, गरज पडली तर कोणाकडे जायचे, हे बोलून ठेवावे.

घरातून एक फेरी

सामानाची यादी करण्याआधी घरभर फिरावे आणि प्रत्येक वस्तूपाशी थांबून विचारावे: वीज नसेल तर ही चालेल का? पहिला धक्का घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसपाशी बसतो. तो गॅसवर चालणारा असेल, तर बरेच जण निर्धास्त असतात. पण गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा आणि थर्मोस्टॅट यांना वीज लागते. वीज गेली की गॅस असूनही घर गार पडू लागते. गॅरेजचे दारही विजेवर उघडते. ते हाताने उचलण्यासाठी जी दोरी ओढावी लागते, ती आधीच ओढून पाहावी. ऑक्सिजनचे यंत्र, फ्रीजमधले इन्शुलिन यांची पर्यायी सोय डॉक्टरांना विचारून ठरवावी.

ऊब

सगळे घर गरम ठेवण्याचा नाद सोडावा. कमी खिडक्यांची एक खोली निवडून दाराच्या फटीत टॉवेल कोंबावा, खिडक्यांवर रजया टांगाव्यात आणि सगळ्यांनी तिथेच झोपावे. एका जाड कपड्यापेक्षा सैल आणि कोरडे तीन कपडे एकावर एक घातलेले बरे. आजीआजोबा किंवा तान्हे मूल सुस्तावले, बोलणे अडखळू लागले, कुडकुडणे थांबूनही अंग गारच राहिले, तर ताबडतोब ९११ ला फोन करावा.

खोलीत शेगडी, कोळशाची ग्रिल किंवा कॅम्पिंगचा स्टोव्ह पेटवू नये, ओव्हन उघडा ठेवून ऊब घेऊ नये आणि गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नये. यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. आधी डोके दुखते, मळमळते; झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. बॅटरीवर चालणारा डिटेक्टर घरात हवाच. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर ठेवावा, धुराचे तोंड खिडक्यांच्या उलट दिशेला करावे. तो भिंतीतल्या सॉकेटला कधीही जोडू नये: ती वीज उलटी बाहेर जाते, रोहित्रात तिचा दाब वाढतो आणि तारेवर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

पाणी

इथल्या कित्येक घरांचे पाइप माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतींतून गेलेले असतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. पण पाइप बर्फाच्या जागीच फुटतो असे नाही. बर्फाची गुठळी आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब येतो आणि पाइप तिथे फाटतो. म्हणून बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवावेत आणि सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत. वीज लांबली आणि घरच गोठणार असे दिसले, तर मेन वॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडावेत आणि पाइप रिकामे करावेत. तो वॉल्व्ह कुठे आहे आणि फिरतो का, हे कोरड्या दिवशी पाहून ठेवावे.

प्यायला माणशी रोज चार लिटर पाणी भरून ठेवावे. २०२१ मध्ये राज्यात एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितले गेले, तेव्हा अनेकांकडे उकळायचे साधन नव्हते. शौचालयासाठी बाथटब भरून ठेवावा.

अन्न आणि फोन

दार उघडले नाही तर फ्रीज चार तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. फ्रीझरमध्ये पेलाभर पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणे ठेवावे. नाणे तळाशी गेलेले दिसले, तर मधे सगळे वितळून पुन्हा गोठले असे समजावे. दूध, मांस, शिजवलेले अन्न ४ अंश सेल्सिअसच्या वर दोन तासांहून जास्त राहिले असेल तर टाकून द्यावे. चाखून पाहू नये. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, लाडू ही प्रवासाची शिदोरी इथे अख्खी कामी येते. पॉवर बँक आदल्या दिवशी चार्ज कराव्यात आणि गाडीची टाकी भरून ठेवावी.

वीज आल्यावर

वीज गेली की हीटर, ओव्हन, ड्रायर बंद करून ठेवावेत आणि एकच दिवा चालू ठेवावा. वीज परतताना सगळ्या घरांचा भार एकदम पडला, तर ती पुन्हा जाऊ शकते. आणि पाइप गोठताना फाटला असला, तरी गळती दिसते ती बर्फ वितळल्यावर. म्हणून मेन वॉल्व्ह हळूहळू उघडावा, एकाने त्यापाशी उभे राहावे आणि दुसऱ्याने छत, भिंती आणि सिंकखालची कपाटे तपासावीत. ओल दिसली तर वॉल्व्ह लगेच बंद करून प्लंबरला बोलवावे.