पर्वतीय स्नोमोबाईल आणि आडउतारावरील चाल : जुन्या मॉडेलांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना :

पुढे दोन स्की, मागे दातेरी रबरी पट्टा, मध्ये दुचाकीसारखे हँडल आणि आसन असलेले बर्फावरील वाहन म्हणजे स्नोमोबाईल. सियाचीनच्या वृत्तांतांतून 'स्नो स्कूटर' हा शब्द आपल्या वाचकांच्या कानावरून गेलेला आहे. ते वाहन याच जातकुळीचे. क्युबेकमधील जे. आर्मांड बोम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये 'स्की-डू' बाजारात आणली. पुढे अमेरिका व कॅनडाच्या पश्चिम पर्वतप्रदेशांत, म्हणजे मोंटाना, वायोमिंग, आयडाहो, ब्रिटिश कोलंबिया येथे, खोल भुसभुशीत बर्फात चालणाऱ्या 'पर्वतीय' स्नोमोबाईलची स्वतंत्र शाखा विकसित झाली.

या शाखेतील वाहनाची कसोटी कोणती, असे विचारले असता सामान्य माणूस 'चढण' असे उत्तर देईल. अनुभवी चालक मात्र 'साईडहिलिंग' असे म्हणतो. साईडहिलिंग म्हणजे उतारावर न चढता व न उतरता त्याला आडवे कापत जाणे. झाडांनी भरलेल्या डोंगरकुशीतून, ओढ्याच्या घळीवरून सुखरूप बाहेर पडावयाचे असल्यास ही चाल साधावीच लागते. ती फसली तर वाहन दरीकडे घसरते, झाडावर आदळते किंवा चालकासह गडगडते. नवे वाहन अनेकांना परवडत नसल्याने वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची मॉडेल आजही विकली व वापरली जातात. ती निवडताना माहितीपत्रकातील वजन आणि अश्वशक्ती हेच दोन आकडे प्रामुख्याने पाहिले जातात. हे दोन्ही आकडे आडउतारापुरते अपुरे आहेत, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आडउताराची यांत्रिकी :

घाटरस्त्यावर आपण डोंगराकडची बाजू आणि दरीकडची बाजू असे म्हणतो. तेच शब्द येथे वापरू. वाहन उताराशी समांतर राहिले, तर गुरुत्वाकर्षण त्याला दरीकडे ओढते, स्कींची तोंडे खाली वळतात आणि वाहन उतरू लागते. म्हणून चालक वाहन डोंगराकडे कलता करतो. तेव्हा पट्ट्याची डोंगराकडील कड बर्फात रुतते, त्याच बाजूची स्की धार धरते, दरीकडील स्की जवळजवळ अधांतरी राहते आणि पट्टा स्वतःपुरती एक सपाट पायरी कोरत पुढे जातो. आपल्याकडे डोंगरउतारावर खणलेला समतल चर किंवा गुरांच्या खुरांनी पडलेली आडवी वाट डोळ्यांसमोर आणावी. फरक इतकाच की येथे वाट कोरणे आणि तीवरून चालणे ही दोन्ही कामे एकाच क्षणी घडतात.

यात दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिली, वाहन कलते करणे. दुसरी, कललेले वाहन त्याच कोनात टिकविणे. जुन्या मॉडेलांविषयीचे बरेचसे मतभेद या दोन क्रियांची गल्लत झाल्यामुळे होतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिल्या क्रियेचा हिशेब एका कल्पित उदाहरणाने मांडता येतो. इंधनासह २४० किलो वजनाचे वाहन घेऊ. दोन स्कींमधील अंतर ४२ इंच, पट्ट्याची रुंदी १५ इंच. वाहन कलताना ते स्कीचा टेकू आणि पट्ट्याची कड यांना जोडणाऱ्या रेषेभोवती फिरते. गुरुत्वमध्य मागील टेकूपासून स्कीच्या दिशेने ४० टक्के अंतरावर मानला, तर त्या रेषेपासून त्याचे आडवे अंतर सुमारे ३२.७ सेंटिमीटर येते. सपाट जमिनीवर हे वाहन केवळ स्वतःच्या वजनाने कलते करण्यासाठी ८० किलोच्या चालकाला त्या रेषेच्या बाहेर सुमारे ९८ सेंटिमीटर लोंबावे लागेल. हे मनुष्याच्या शरीराला शक्य नाही.

मग वाहन कलते कसे? येथेच कौशल्याचा भाग येतो. चालक क्षणभर हँडल उलट, म्हणजे दरीकडे वळवितो. सायकलस्वार वळणाआधी नकळत करतो तसेच हे आहे. चाके किंवा स्की खालून एका बाजूला सरकतात आणि वरचा भार दुसऱ्या बाजूला झुकतो. त्याच क्षणी थ्रॉटलचा एक झटका दिला की पट्टा खणू लागतो, दाबलेली कड खाली बसते आणि पुढचा भाग हलका होतो. उरलेले काम चालकाचे वजन करते. दरीकडचा पाय उचलून डोंगराकडील पायपट्टीवर पुढे ठेवायचा आणि दुसरा पाय मागे मोकळा सोडायचा, अशी ही उभे राहण्याची रीत. तिला तिकडे 'चुकीचा पाय पुढे' असे गमतीने म्हणतात.

आता स्कींमधील अंतर ४२ ऐवजी ३८ इंच करू. तरफ ३०.७ सेंटिमीटरवर येते आणि चालकाला ९८ ऐवजी ९२ सेंटिमीटर पुरतात. दुसरीकडे, स्की आहेत तशाच ठेवून वाहनाचे वजन २४० वरून २२५ किलो केले, तरी उत्तर ९२ च येते. म्हणजे या उदाहरणात स्की चार इंचांनी जवळ आणणे आणि वाहन पंधरा किलोंनी हलके करणे यांचे फळ समान आहे. पंधरा किलोंसाठी ग्राहक मोठी रक्कम मोजतो. जुन्या वाहनावर अरुंद पुढचा सांगाडा बसविण्याचा मार्ग त्या मानाने सोपा असतो.

प्रत्यक्ष उतारावर हिशेब अधिक कठीण होतो. २५ अंशांच्या उतारावर, गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटर उंच धरल्यास, मूळ ३२.७ ची तरफ सुमारे ४९ सेंटिमीटर होते. म्हणूनच जाणकार चालक उतारावर शिरल्यानंतर नव्हे, तर त्याआधीच्या सपाटीवर वाहन कलते करून घेतो आणि कललेल्या अवस्थेतच आडउतारात प्रवेश करतो.

पट्ट्याची रुंदी पहिल्या क्रियेत फारशी महत्त्वाची ठरत नाही. ती जाणवते दुसऱ्या क्रियेत. २५ अंशांच्या उतारावर १५ इंची पट्ट्याला सपाट पायरी कोरण्यासाठी डोंगराच्या बाजूला सुमारे ७ इंच खोल जावे लागते, १६ इंची पट्ट्याला सुमारे साडेसात. भुसभुशीत बर्फात हा फरक किरकोळ आहे. घट्ट बर्फात तो किरकोळ राहत नाही.

जुन्या पिढीची वाहने :

१९९४ च्या सुमारास स्की-डूचे 'समिट', १९९६ मध्ये पोलारिसचे 'आरएमके' आणि १९९७ मध्ये यामाहाचे 'माउंटन मॅक्स' ही मॉडेल आली. ट्रेलवरील वाहनांचा पट्टा त्या काळी सामान्यतः १२१ इंच लांब असे. पर्वतीय मॉडेलांनी तो १३६ इंच व त्यापुढे नेला. तरीही या वाहनांची मांडणी मूलतः ट्रेलवरचीच होती. इंजिन पुढे, चालक बराच मागे, आसन खोलगट, पाय पुढे ताणलेले. बसून चालविण्यासाठी ती आखलेली होती. मोठे वजन दोन टोकांना विभागलेले असल्याने वाहन वळविणे आणि कलविणे दोन्ही जड जात असे. चालकाला उभे राहून जोर लावता यावा म्हणून हँडलच्या मध्यभागी एक पट्टा बांधलेला असे, तो हातात धरून वाहन अक्षरशः ओढावे लागे. ही वाहने कलती होण्यास हट्टी आहेत, परंतु एकदा कलली की संथपणे त्याच रेषेत राहतात. शिकाऊ चालकाची ती दमछाक करतात हे खरे, पण फसवीत नाहीत.

मोठा बदल झाला तो २००३ च्या 'रेव्ह' या स्की-डूच्या रचनेने. ब्लेअर मॉर्गन या कॅनडियन शर्यतपटूने उभे राहून वाहन हाकण्याची शैली रूढ केली होती. त्या शैलीला सोयीची अशी चालकाला पुढे, वाहनाच्या मध्याजवळ आणणारी ही मांडणी होती. २००४ मध्ये ती समिटमध्ये आली. या बदलाचे महत्त्व वजनाच्या आकड्यात दिसत नाही. चालक मध्याजवळ उभा राहिला की त्याच्या हालचालीचा परिणाम स्कींवर आणि पट्ट्यावर एकाच वेळी होतो आणि पुढचा भार ओढत बसावे लागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीने पर्वतीय स्नोमोबाईलच्या इतिहासात यापेक्षा मोठी रेषा काढता येणार नाही. अलीकडचे आणि पलीकडचे यांची तुलना करताना किलोंचा हिशेब बाजूला ठेवावा हेच बरे.

आर्क्टिक कॅटची 'एम' मालिका २००५ ची. पोलारिसने त्याच सुमारास 'आयक्यू' सांगाडा आणला आणि आरएमके त्यावर नेले. स्की-डूने २००८ मध्ये 'एक्सपी' सांगाड्यासह समिट बरेच हलके केले; तिचा पट्टा १६ इंच रुंद, तर आरएमके व एम मालिकेचा १५ इंच. रुंद पट्टा खोल बर्फावर तरंगतो चांगला, पायरी मात्र रुंद मागतो. यामाहाची २००८ मधील 'नायट्रो एमटीएक्स' हे वेगळेच प्रकरण आहे. तिचे १०४९ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरी चतुष्काल इंजिन टिकाऊ, पण जड. आणि हा भार पुढच्या भागात. आडउतारावर तिच्यासाठी ताकदवान चालक लागतो, अशी तिची ख्याती आहे आणि वरील हिशेब पाहता ती अनाठायी वाटत नाही.

२०११ चे 'प्रो-आरएमके' आणि २०१३ चे 'समिट एक्सएम' ही जोडी सर्वांत उद्बोधक आहे, कारण दोघांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली. पोलारिसने सांगाड्याचे भाग चिकटद्रव्याने जोडून वजन घटविले, वाहन एकसंध आणि ताठ ठेवले. चालक जितका कलेल तितकेच वाहन कलते. मधे ढिलाई नाही. स्की-डूने उलट मार्ग धरला. 'टी-मोशन' नावाच्या व्यवस्थेत मागील सस्पेन्शनला आडवी लवचिकता दिली आणि पट्ट्याच्या कडाही लवचिक केल्या. त्यामुळे पट्टा बर्फावर सपाट असतानाच वरचे शरीर काही अंश झुकू शकते आणि पहिला धक्का कमी जोराने देता येतो. म्हणजेच वर सांगितलेल्या दोन क्रियांपैकी कलते करण्याची क्रिया एक्सएमने सोपी केली, तर टिकविण्याची क्रिया प्रो-आरएमकेने अधिक भरवशाची केली. अनेक अनुभवी चालक आडउतारासाठी प्रो-आरएमकेला झुकते माप देतात ते याच कारणाने असावे. थकलेल्या किंवा हलक्या अंगाच्या चालकाला मात्र एक्सएम अधिक सोयीचे ठरेल.

जुळणी आणि मर्यादा :

जुने वाहन घेणाऱ्याने काही गोष्टी अवश्य पाहाव्यात. पुढील दोन स्कींना जोडणारी सळई, जिला स्वे बार म्हणतात, कलण्याला विरोध करते. अनेक पर्वतीय मॉडेलांत ती नसतेच, आणि जुन्यांतून ती काढून टाकण्याची प्रथा आहे. ट्रेलवर वेगाने वळताना तिची उणीव जाणवते, हा तोटा धरावा. स्कीखालील पोलादी धारा झिजलेल्या असतील तर घट्ट बर्फावर कोणतेही मॉडेल घसरेल. पट्ट्यावरील दातांची उंची १९९० च्या दशकात दीड ते दोन इंच असे, २०१३ पर्यंत ती अडीच इंचांवर गेली. उंच दात पायरी लवकर कोरतात, तथापि त्यांना फिरविण्यास ताकद लागते. विरळ हवेत दर हजार फुटांमागे इंजिनाची सुमारे तीन टक्के शक्ती घटते, असा ढोबळ नियम आहे. दहा हजार फुटांवर लहान इंजिनाच्या जुन्या वाहनाला मोठ्या दातांचा पट्टा लावणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

यंत्राच्या गुणांनी एक धोका मात्र कमी होत नाही. हिमस्खलने मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. आडवे कापत जाणारे वाहन बर्फाच्या थरात रेघ ओढते, आणि थर कमकुवत असल्यास तो त्या रेघेवरून तुटू शकतो. मार्च २०१० मध्ये ब्रिटिश कोलंबियातील रेव्हलस्टोकजवळ बोल्डर पर्वतावर जमलेल्या स्नोमोबाईलस्वारांवर हिमस्खलन कोसळून दोघांचा मृत्यू झाला. वाहन जितके सहज आडउतारावर जाते, तितका चालक अधिक तीव्र उतार निवडू लागतो. तो उतार किती अंशांचा आहे हे कोनमापकाने मोजावे लागते, आणि त्या दिवशीचे हिमस्खलनाचे अनुमान निघण्यापूर्वीच वाचावे लागते.