माजी सैनिकांच्या मनावरील आघात आणि चुंबकीय उपचाराची मर्यादा

अहिल्यानगर शहरात रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर अशा भूदलाच्या दोन मोठ्या संस्था आहेत आणि जिल्ह्यात गावोगावी माजी सैनिकांची घरे आहेत. त्यामुळे युद्धाच्या किंवा चकमकीच्या अनुभवानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आघाताचा प्रश्न या जिल्ह्याला परका नाही. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या विकाराला ‘आघातोत्तर तणाव’ या नावाने आजारांच्या यादीत स्वतंत्र स्थान दिले. घडून गेलेला प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा उभा राहणे, झोप उडणे, फटाक्याच्या आवाजानेही दचकणे, माणसांत मिसळणे टाळणे ही त्याची लक्षणे. घरात मात्र ‘पेन्शनवर आल्यापासून तापट झाले’ एवढ्यावरच त्यांची बोळवण होते, आणि ही बोळवण रुग्णाला फार महागात पडते.

या विकारात भीतीची सूचना देणारे मेंदूतील खोलवरचे केंद्र, म्हणजे अमिग्डला, अतिसावध राहते आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा पुढचा भाग कमी पडतो, असे मानले जाते. टीएमएस, म्हणजे कवटीबाहेरून दिलेले चुंबकीय उत्तेजन, याच पुढच्या भागावर काम करते. शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलेल्या या तंत्रात डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्यामुळे मेंदूच्या वरच्या थरात सूक्ष्म वीजप्रवाह उमटतो. रुग्ण खुर्चीत जागा असतो, भूल लागत नाही आणि झटकेही आणले जात नाहीत. म्हणून याला ‘शॉक’ म्हणणे चुकीचे आहे. प्रथम हाताचा अंगठा किंचित उडेल इतकी मात्रा शोधून त्यावरून तीव्रता ठरवतात, आणि यंत्राची टकटक मोठी असल्याने कानांत बोळे घालतात.

आता पुराव्याकडे पाहू. अमेरिकेत १०३ माजी सैनिकांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत समुपदेशनाच्या प्रत्येक बैठकीआधी हे उत्तेजन दिलेल्या गटाला, समुपदेशनाआधी लटके, म्हणजे नुसते दाखवण्यापुरते, उत्तेजन मिळालेल्या गटापेक्षा, अधिक आराम पडला. पुढच्या वर्षी ५० जणांवरील चाचणीत दोन आठवड्यांनी लोकांतील वावर आणि कामकाज सुधारले, पण आघाताच्या लक्षणांतील फरक तेव्हा संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. याउलट, आणखी एका चाचणीत औषधांना दाद न देणारे नैराश्य असलेल्या १६४ माजी सैनिकांपैकी, ज्यांतील अनेकांना आघाताचाही विकार होता, खऱ्या उपचाराने सुमारे ४१ टक्के तर लटक्या उपचाराने ३७ टक्के नैराश्यमुक्त झाले. रोज कोणीतरी आपुलकीने वाट पाहत आहे, विचारपूस करत आहे, याचाही लटक्या उपचाराच्या या यशात वाटा असावा, आणि तो कमी लेखण्याजोगा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यासाठी २००८ मध्ये या यंत्राला मान्यता दिली. आघातोत्तर तणावासाठी मात्र तेथील माजी सैनिक व संरक्षण विभागांची २०२३ ची मार्गदर्शिका पुरावा अपुरा ठरवते आणि आघाताची उकल करणाऱ्या मानसोपचारालाच अग्रक्रम देते. म्हणून आज तरी हे यंत्र मानसोपचाराची जोड आहे, त्याचा पर्याय नाही.

माजी सैनिकाच्या बाबतीत काही सावधगिरी अधिकच हवी. डोक्यात छर्रा किंवा धातूची पट्टी असेल, कानात श्रवणरोपण असेल, पूर्वी फिट आली असेल किंवा रोजची दारू नुकतीच एकदम बंद केली असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे, कारण धातूमुळे इजा होऊ शकते आणि फिट वा दारूच्या पूर्वेतिहासामुळे एरवी क्वचितच येणारा झटका येण्याचा धोका वाढतो. शिवाय हा उपचार सहसा आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे चालतो. त्यासाठी पुणे गाठावे लागले, तर जामखेड वा अकोले तालुक्यातील कुटुंबापुढे मुक्कामाची आणि खर्चाची मोठी अडचण उभी राहते. त्यामुळे आधी माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. सेवेतील जवान व त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी टेली-मानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. निवृत्तांना आणि त्यांच्या घरच्यांना याच सेवेच्या १४४१६ या सर्वसाधारण क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत, विनामूल्य बोलता येते.